मूल एकाकडे, फी दुसऱ्याची: रिटर्नमध्ये कोणी काय दाखवायचं?

वेगळे राहणारे किंवा घटस्फोट झालेले आई-वडील, मूल एकाकडे आणि खर्च दोघांचा. अशा घरांमधून या वेळी इंदूरच्या वाचकांचे बरेच प्रश्न आले. भारतातल्या करासंबंधीची खालची उत्तरं २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या विवरणपत्रासाठी आहेत. त्या वर्षाला १९६१ चाच आयकर कायदा लागतो. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला २०२५ चा नवा कायदा लागू आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. उदाहरणार्थ, विमा, पीएफ, शाळेची फी यांची वजावट देणारं, सगळ्यांच्या तोंडी असलेलं ८०सी तिथे कलम १२३ झालं आहे. पगारदारांसाठी विवरणपत्राची मुदत ३१ जुलै.

प्रश्न: परस्पर संमतीने घटस्फोट झाला आहे. मुलगा सातवीत आहे, माझ्याकडे राहतो. शाळेची वर्षाची फी ९६,००० रुपये. निम्मी फी वडिलांनी द्यायची असं हुकूमनाम्यात आहे. ते ४८,००० रुपये माझ्या खात्यात पाठवतात आणि पूर्ण फी मी शाळेत भरते. आता त्यांचं म्हणणं की मुलगा रिटर्नमध्ये एक वर्ष मी दाखवावा, एक वर्ष त्यांनी. असं करता येतं का? (तिलक नगर)

उत्तर: नाही. आपल्याकडे मूल ‘दाखवून’ कर कमी होत नाही. अमेरिकेत होतो, त्यावरचा प्रश्न पुढे आहे. भारतात प्रत्येकाचं विवरणपत्र स्वतंत्र असतं आणि सवलत मिळते ती मुलासाठी केलेल्या ठरावीक खर्चावर, तीही खर्च ज्याने केला त्यालाच. मुलाचा ताबा कोणाकडे आहे हे ८०सी विचारत नाही. फी कोणी भरली एवढंच विचारतं.

म्हणून आजच्या तुमच्या व्यवस्थेत शाळेला पैसे देणाऱ्या तुम्हीच आहात. वडिलांनी तुमच्या खात्यात टाकलेले ४८,००० रुपये ही त्यांनी तुम्हाला दिलेली रक्कम झाली, शाळेला दिलेली फी नव्हे. त्यांना त्यांच्या हिश्श्याची वजावट हवी असेल तर त्यांनी तो हप्ता स्वतःच्या खात्यातून थेट शाळेला द्यावा. शाळेची पावती मुलाच्या नावाने निघते, देणाऱ्याचं नाव बहुधा त्यावर नसतं. तेव्हा पावती आणि त्या व्यवहाराचा बँकेचा उतारा, दोन्ही एकत्र ठेवायचे. दोघांनी आपापला हप्ता भरला तर दोघंही आपापल्या रकमेपुरती वजावट घेऊ शकतात, त्यात आळीपाळीची गरजच नाही. दोन मुलांची मर्यादा आहे, तीही प्रत्येक पालकाला वेगळी लागते.

आता त्या ९६,००० रुपयांतले किती चालतील? फक्त शिकवणी शुल्क, म्हणजे पावतीवर ट्यूशन फी म्हणून लिहिलेली रक्कम. विकास निधी आणि देणगी कायद्यानेच वगळलेली आहे. बसचं भाडं, जेवण, गणवेश, पुस्तकं, उशिराचा दंड हेही धरायचं नाही. शाळा पूर्ण वेळेची आणि भारतातली हवी. बालवाडी, नर्सरी चालते. भंवरकुआंच्या कोचिंग क्लासची फी कितीही मोठी असली तरी बसत नाही. पावतीवर सगळी रक्कम एकाच ओळीत लिहिली असेल तर शाळेच्या कार्यालयाकडून मथळेवार फोड लिहून घ्या. आमच्या पाहण्यात फीच्या वजावटीत सर्वात जास्त चूक इथेच होते. लोक पूर्ण पावतीचा आकडा टाकून मोकळे होतात.

पण या सगळ्याआधी एक हिशेब करून पाहा, कारण पुष्कळ घरांत ज्या वजावटीवरून वाद चालतो तिची किंमत शून्य असते. ८०सी फक्त जुन्या कर-प्रणालीत मिळते. २०२३-२४ पासून नवी प्रणाली आपोआप लागू होते, आणि तिच्यात फी, विमा, पीएफ यांपैकी कशाचीही अशी वजावट नाही. समजा तुमचा पगार ९ लाख आहे. नव्या प्रणालीत ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट आणि १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरची सूट धरली की तुमचा कर शून्य. म्हणजे फी दाखवून तुम्हाला एक रुपयाही मिळणार नाही.

वडिलांचा पगार १८ लाख धरू. नव्या प्रणालीत करपात्र १७ लाख २५ हजार; त्यावर कर १,४५,००० आणि ४ टक्के उपकर धरून १,५०,८००. जुन्या प्रणालीत ५०,००० प्रमाणित वजावट, ८०सीचे पूर्ण १,५०,००० आणि आरोग्य विम्याचे २५,००० घेतले तरी करपात्र १५ लाख ७५ हजार उरतात आणि कर येतो २,९६,४००. जवळजवळ दुप्पट. या पगाराला जुनी प्रणाली परवडायची तर प्रमाणित वजावटीशिवाय आणखी सुमारे ६ लाख ४२ हजारांच्या वजावटी लागतात: मोठा घरभाडे भत्ता, गृहकर्जाचं व्याज, हे सगळं असेल तेव्हाच. तुमच्या माजी पतींकडे ते नसेल तर फीचा मुद्दा दोघांसाठीही निकाली निघाला. वकिलाच्या पुढच्या भेटीत त्यावर वेळ घालवू नका.

प्रश्न: आम्ही दोघांनीही गेल्या वर्षी मुलीची तीच फी ८०सीत दाखवली होती. एकमेकांशी बोलणं नाही, त्यामुळे आत्ता कळलं. (सुदामा नगर)

उत्तर: फी ज्याच्या खात्यातून गेली नव्हती त्याने दुरुस्ती करायची. सुधारित विवरणपत्राची मुदत गेली असेल तर अद्ययावत विवरणपत्र भरता येतं, त्यालाच आयटीआर-यू म्हणतात. कर-निर्धारण वर्ष संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत ते चालतं. पहिल्या १२ महिन्यांत भरलं तर कर आणि व्याजावर आणखी २५ टक्के, २४ महिन्यांपर्यंत ५०, ३६ पर्यंत ६० आणि ४८ पर्यंत ७० टक्के. लवकर भरलेलं बरं ते यासाठी. नोटीस आधी आली आणि चुकीची माहिती दिल्याचं ठरलं तर दंड चुकवलेल्या कराच्या २०० टक्क्यांपर्यंत जातो.

पोटगीचं प्रकरण चालू असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवून दिल्याप्रमाणे दोन्ही पक्षांना मालमत्ता आणि देणी यांचं शपथपत्र द्यावं लागतं, आणि त्याबरोबर आयकर विवरणपत्रंही समोर येतात. एकच फी दोन्हीकडे दिसली की पुढच्या पेशीला समोरचे वकील ती वाचून दाखवतात. तिथे प्रश्न चार-पाच हजारांच्या कराचा राहत नाही, तुमच्या बाकीच्या कागदांवर किती विश्वास ठेवायचा हा होतो.

प्रश्न: मी निवृत्त आहे. नात सहा वर्षांची. तिच्या नावावर मी ६ लाखांची मुदत ठेव केली, वर्षाचं व्याज ४२,००० रुपये. मुलगा आणि सून दीड वर्षापासून वेगळे राहतात, कुटुंब न्यायालयात प्रकरण चालू आहे, नात सुनेकडे आहे. मुलाचा पगार सुनेपेक्षा बराच जास्त. व्याज सुनेच्या उत्पन्नात जाईल ना? (लोकमान्य नगर)

उत्तर: नाही आजोबा, सध्या ते तुमच्या मुलाच्या उत्पन्नात जाईल. इथे बरेच जण फसतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

तुम्ही नातीला दिलेल्या ६ लाखांवर कोणालाही कर नाही. आजोबा हे कायद्याने नातेवाईक आहेत आणि नातेवाईकाने दिलेल्या भेटीवर कर नसतो. प्रश्न व्याजाचा आहे. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाचं उत्पन्न आई किंवा वडिलांच्या उत्पन्नात मिळवायचं असं कलम ६४(१ए) सांगतं. कोणाच्या, हे ठरवण्याच्या दोन कसोट्या आहेत. लग्न कायम असेल तर ज्याचं स्वतःचं उत्पन्न जास्त, त्याच्या. लग्न कायम नसेल तर त्या वर्षी मुलाचा सांभाळ जो करतो, त्याच्या.

‘लग्न कायम आहे’ याचा अर्थ कायद्यात एका घरात राहणं असा नाही. वेगळी घरं, वेगळी खाती, चालू असलेलं प्रकरण, एवढंच काय, हिंदू विवाह कायद्याच्या कलम १० खालचा न्यायिक विभक्ततेचा हुकूम मिळाला तरी लग्न कायमच असतं. ते संपतं घटस्फोटाच्या हुकूमनाम्याने. तोवर नात कोणाकडे राहते याला या कलमात काही किंमत नाही. मुलगा ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर ४२,००० रुपयांवर उपकरासह १३,१०४ रुपये कर त्याला भरावा लागेल. ठेवीची पावती सुनेकडे, नात सुनेकडे आणि कर मुलाकडे, हे त्याला टोचेल. त्याला आधी सांगून ठेवा. अनेकदा बापाला अशा ठेवीचा पत्ताच नसतो, आणि उत्पन्न लपवल्याचा ठपका मात्र त्याच्यावर येतो.

जुन्या प्रणालीत दर मुलामागे १,५०० रुपयांची सूट आहे, नव्यात तीही नाही. आयटीआर-१ भरणाऱ्याला ते तसंच भरता येईल, कारण बँकेचं व्याज त्या फॉर्मच्या उत्पन्नांत बसतं. आयटीआर-२ मध्ये यासाठी एसपीआय नावाचा वेगळा तक्ता आहे: नातीचं नाव, पॅन किंवा आधार, नातं, रक्कम. बँक एका व्यक्तीला वर्षाला ५०,००० रुपयांपेक्षा जास्त व्याज देते तेव्हाच टीडीएस कापते, म्हणून सध्या तो प्रश्न नाही. पुढे कापला गेला तर तो नातीच्या पॅनवर दिसेल. नियम ३७बीए प्रमाणे बँकेला लेखी घोषणा दिली की तो ज्याच्या उत्पन्नात व्याज धरलं त्याच्या नावावर घेता येतो. ही घोषणा न दिल्यामुळे टीडीएस अडकून पडलेली कितीतरी घरं आहेत.

घटस्फोट झाल्यावर कसोटी बदलेल आणि सांभाळ करणाऱ्या सुनेचा प्रश्न येईल. पण त्याच कलमात अशीही अट आहे की उत्पन्न एकदा एका पालकाकडे धरलं की पुढच्या वर्षांचं दुसऱ्याकडे न्यायचं असेल तर आकारणी अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते, आणि त्या दुसऱ्या पालकाला आपलं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. म्हणून आपापसांत ठरवून जागा बदलू नका. हुकूमनाम्याची प्रत, शाळेच्या नोंदीतला पत्ता, फी आणि दवाखान्याचा खर्च कोण करतो याचे कागद जोडून अधिकाऱ्याला लेखी कळवा. तुमच्या पॅनचा अधिकारी कोण हे आयकराच्या पोर्टलवर दिसतं. इंदूरचं आयकर भवन व्हाइट चर्चसमोर आहे.

पुढचे पैसे देताना दोन रस्ते आहेत. पहिला, ठेव स्वतःच्या नावावर ठेवून नातीला नामनिर्देशित करा. व्याज तुमचं आणि मुलगा-सुनेच्या भांडणाशी त्याचा संबंध नाही. जुन्या प्रणालीत ज्येष्ठांना व्याजावर ५०,००० रुपयांपर्यंत वजावटही मिळते. दुसरा, सुकन्या समृद्धी. नात दहा वर्षांच्या आतली आहे, तेव्हा खातं निघेल, पण ते आई किंवा वडिलांनी पालक म्हणून काढायचं. आजी-आजोबा कायदेशीर पालक नसतील तर त्यांना ते काढता येत नाही. वर्षाला किमान २५० आणि जास्तीत जास्त १,५०,००० रुपये, पंधरा वर्षं भरायचे, खातं एकवीस वर्षांनी मुदत पुरी करतं. याचं व्याज करमुक्त आहे, त्यामुळे ते कोणाच्या उत्पन्नात मिळवायचं हा वादच उद्भवत नाही. मुलीला खातं एकच काढता येतं, म्हणून ते कोणी चालवायचं हे तडजोडीच्या अटींत लिहून घ्या. आणि आधीची ६ लाखांची ठेव मोडून परत स्वतःच्या नावावर घेऊ नका. ते पैसे आता नातीचे आहेत.

प्रश्न: मुलीला नृत्यस्पर्धेत ५१,००० रुपये बक्षीस मिळालं. घटस्फोट झालेला आहे, ती माझ्याकडे असते. (स्नेहलतागंज)

उत्तर: स्वतःच्या कलेतून किंवा कौशल्यातून मिळवलेलं मुलाचं उत्पन्न पालकांच्या उत्पन्नात मिळवायचं नाही. ते तिचंच. पण ते ५१,००० बँकेत ठेवले की त्यावरचं व्याज मात्र सांभाळ करणाऱ्या पालकाकडे, म्हणजे तुमच्याकडे धरायचं. ती अठरा वर्षांची झाली की त्या दिवसापासून तेही थांबतं.

प्रश्न: मुलाला स्वमग्नता आहे. घटस्फोटानंतर तो आईकडे राहतो, थेरपीचा जवळपास सगळा खर्च मी करतो. ८०डीडी मला मिळेल का? (अन्नपूर्णा मार्ग)

उत्तर: मिळू शकेल, तुम्ही जुन्या प्रणालीत असाल तर. ८०डीडीची वजावट खर्चाच्या प्रमाणात नसते, ठरावीक असते: ७५,००० रुपये, आणि अपंगत्व ८० टक्के किंवा अधिक असेल तर १,२५,०००. अट अशी की मूल त्याच्या आधारासाठी पूर्णपणे किंवा मुख्यतः तुमच्यावर अवलंबून असलं पाहिजे. इथेच विभक्त पालकांचं अडतं. आईकडे राहणं, तिने केलेलं घरचं सगळं, तुम्ही भरलेली थेरपीची बिलं, यांत ‘मुख्यतः’ कोण, हे अधिकारी कागदांवरून ठरवणार. दोघांनी घेतली तर दोघांचीही तपासली जाण्याची वाट मोकळी होते. तडजोडीच्या अटींत एक वाक्य घालून घ्या की मुलाच्या उपचाराचा आणि निर्वाहाचा मुख्य खर्च अमुक पालक करील. नंतर त्याचा मोठा आधार होतो.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता यांसाठी फॉर्म १०-आयए लागतो. न्यूरॉलॉजीतले एमडी, मुलांसाठी त्याच तोडीचे बालन्यूरॉलॉजिस्ट, किंवा सरकारी रुग्णालयाचे सिव्हिल सर्जन अथवा मुख्य वैद्यकीय अधिकारी यांचं प्रमाणपत्र हवं. फॉर्म पोर्टलवर विवरणपत्राच्या आधी भरा. प्रमाणपत्राला मुदत असेल तर ती संपलेल्या वर्षानंतर नवं काढल्याशिवाय वजावट मिळत नाही. आणखी एक: अशा मुलाच्या नावावरचं ठेवीचं व्याज आई-वडिलांच्या उत्पन्नात मिळवायचं नसतं. ते मुलाचं स्वतःचं उत्पन्न असतं. त्याच्या नावे साठवण करताना हा मोठा फायदा आहे आणि फार थोडे पालक तो वापरतात.

प्रश्न: माझ्या फॅमिली फ्लोटर पॉलिसीत माजी पत्नीचं नाव अजून आहे. हप्त्याची पूर्ण वजावट चालेल? (रामबाग)

उत्तर: घटस्फोटानंतर ती ८०डीच्या, म्हणजे आरोग्य विम्याच्या वजावटीच्या, कुटुंबात येत नाही. अवलंबून असलेलं मूल येतं, मग ते कोणाकडेही राहो. पुढच्या नूतनीकरणाला तिचं नाव काढून हप्ता नव्याने ठरवून घ्या आणि यंदा विमा कंपनीकडून व्यक्तिवार फोड मागा. मर्यादा २५,०००, हप्ता रोखीने भरलेला नको, आणि हेही जुन्या प्रणालीतच.

प्रश्न: घटस्फोटाच्या हुकूमनाम्याने मला दरमहा १५,००० आणि मुलीसाठी १०,००० रुपये मिळतात. हे सगळं माझं उत्पन्न का? आणि ते देणाऱ्याला काही सवलत मिळते का? (वाचक भगिनी, इंदूर)

उत्तर: देणाऱ्याला काहीच सवलत नाही, ना पोटगीची ना मुलीच्या खर्चाची. एकरकमी मिळालेली पोटगी ही भांडवली प्राप्ती आहे, तिच्यावर कर नाही. दरमहा मिळणारी मात्र उत्पन्न धरली जाते, हा मुंबई उच्च न्यायालयाचा जुना आणि आजही आधाराला घेतला जाणारा निर्णय आहे. तेव्हा वर्षाचे १,८०,००० ‘इतर उत्पन्न’ म्हणून दाखवा. पगार धरूनही नव्या प्रणालीत एकूण १२ लाखांच्या आत असाल तर कर येणार नाही, पण दाखवायचं सोडू नका.

मुलीचे १,२०,००० तुमचं उत्पन्न नाही. वडील मुलीचे नातेवाईकच आहेत, त्यामुळे ती रक्कम तिच्याही हातात करपात्र होत नाही. तुमच्या हुकूमनाम्यात दोन आकडे वेगळे आहेत हे फार चांगलं झालं. पुष्कळ आदेशांत ‘पत्नी व मुलीसाठी एकत्रित २५,०००’ असं असतं, मग सगळी रक्कम आईची वाटते. ज्यांचं प्रकरण अजून चालू आहे त्यांनी वकिलांना सांगून आकडे वेगळे लिहून घ्यावेत आणि शक्यतो मुलीची रक्कम तिच्या वेगळ्या खात्यात घ्यावी. घटस्फोट झालेला नसेल आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली (आधीचं १२५) दरमहा रक्कम मिळत असेल तर पती अजून नातेवाईकच असतो, त्यामुळे भेटीच्या तरतुदीखाली त्यावर कर लागत नाही.

वेगळं राहण्याच्या करारात पतीने घर नावावर करून दिलं असेल तर त्याचं भाडं पतीच्या उत्पन्नात मिळवलं जात नाही, ते तुमचं. एरवी पत्नीला मोबदल्याशिवाय दिलेल्या मालमत्तेचं उत्पन्न पतीकडे जातं. म्हणून हस्तांतर त्या करारापोटी आहे हे दस्तात स्पष्ट लिहिलेलं हवं.

प्रश्न: मुलगा न्यू जर्सीला असतो. २०२३ मध्ये घटस्फोट झाला. नातू नऊ वर्षांचा, तिथेच जन्मलेला. एक वर्ष आईने आणि एक वर्ष वडिलांनी नातवाला करात दाखवायचं असं तिथल्या कोर्टाने लिहून दिलं आहे. २०२५ चं वर्ष मुलाचं होतं, पण त्याचं रिटर्न ऑनलाइन परत आलं; सुनेने आधीच दाखवलं म्हणे. शिवाय उन्हाळ्यात दोन महिने नातू माझ्याकडे इंदूरला होता, ते कोणाचे? (एक आजी, मनोरमागंज)

उत्तर: आजी, हे उत्तर तुमच्या मुलाला वाचून दाखवा, कारण कोर्टाचा कागद हातात असूनही तिथे अनेक वडील इथेच अडकतात.

अमेरिकेच्या कायद्यात मूल मुळात त्या पालकाचं धरतात ज्याच्याकडे ते वर्षात जास्त रात्री राहिलं. रात्री सारख्याच भरल्या तर ज्याचं उत्पन्न जास्त, त्याचं. कोर्टाच्या हुकुमाने हा नियम आपोआप बदलत नाही. २००८ नंतरच्या हुकूमनाम्याची पानं विवरणपत्राला जोडून चालत नाही. जास्त रात्री असलेल्या पालकाने फॉर्म ८३३२ वर सही करून हक्क सोडावा लागतो, आणि दुसऱ्या पालकाने तो आपल्या विवरणपत्राला जोडायचा. त्या फॉर्मचा पहिला भाग चालू वर्षासाठी, दुसरा पुढच्या वर्षांसाठी, तिसरा दिलेली सही मागे घेण्यासाठी. मागे घेतली तरी ती लवकरात लवकर कळवल्याच्या पुढच्या वर्षापासून लागू होते.

तेव्हा पहिला प्रश्न: सुनेने २०२५ साठी फॉर्म ८३३२ सही करून दिला होता का? दिला नसेल आणि रात्री तिच्याकडे जास्त असतील तर आयआरएसच्या, म्हणजे तिथल्या कर खात्याच्या, दृष्टीने तिचंच बरोबर. तिने कोर्टाचा हुकूम मोडला असेल, पण त्याची दाद कोर्टातच मागावी लागते, आयआरएस तो हुकूम अमलात आणत नाही. दिला असेल तर मुलाने त्या फॉर्मसह विवरणपत्र कागदावर टपालाने पाठवायचं, किंवा ओळख-संरक्षण पिन घेऊन पुन्हा ऑनलाइन भरायचं. २०२५ च्या हंगामापासून तो पिन असेल तर दुसरं विवरणपत्रही स्वीकारलं जातं. पुढे आयआरएस दोघांनाही सीपी८७ए ही सूचना पाठवतं. ज्याचं चूक असेल त्याने सुधारित विवरणपत्र भरलं तर विषय तिथे संपतो. कोणीच हललं नाही तर तपासणी होते.

फॉर्म मिळाला तरी वडिलांना काय मिळतं हेही समजून घ्यायला हवं. मिळते ती बाल-कर-सवलत, २०२५ साठी मुलामागे २,२०० डॉलरपर्यंत. मुलाकडे आणि पालकाकडे नोकरीसाठी वैध सोशल सिक्युरिटी नंबर हवा, मूल सतरा वर्षांच्या आतलं हवं, आणि एकट्या पालकाचं उत्पन्न २ लाख डॉलरच्या वर गेलं की सवलत घटत जाते. ‘कुटुंबप्रमुख’ हा दर्जा, पाळणाघराच्या खर्चाची सवलत आणि कमी उत्पन्नावरची सवलत मात्र जास्त रात्री सांभाळणाऱ्या पालकाकडेच राहते. तो दर्जा छोटा नाही: २०२५ मध्ये कुटुंबप्रमुखाची प्रमाणित वजावट २३,६२५ डॉलर, एकट्या व्यक्तीची १५,७५०. फॉर्म ८३३२ मिळाला म्हणून वडिलांनी कुटुंबप्रमुखाचाही रकाना भरला की तिथून नवी नोटीस सुरू होते.

तुमच्याकडच्या दोन महिन्यांबद्दल: त्या रात्री तुमच्या धरल्या जात नाहीत. मूल त्या रात्री आई-वडिलांपैकी एरवी ज्याच्याकडे राहिलं असतं, त्याच्या खात्यात त्या जातात. ठरलेल्या वेळापत्रकात तो काळ वडिलांच्या सुट्टीचा असेल तर वडिलांच्या, आईचा असेल तर आईच्या. साठ रात्री म्हणजे वर्षाचा सहावा हिस्सा, निकाल त्यानेही फिरू शकतो. मुलाने न्यायालयाचं वेळापत्रक, विमानाची तिकिटं, शाळेच्या आणि डॉक्टरांच्या नोंदीतला नातवाचा पत्ता आणि रात्रीनिहाय कॅलेंडर जपून ठेवावं. तपासणीत हेच मागतात.

ज्यांचं मूल भारतात जन्मलेलं आणि एच-४ (आई-वडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या) व्हिसावर आहे, सोशल सिक्युरिटी नंबर नाही, त्यांना २,२०० ची सवलत मिळत नाही; कराच्या दृष्टीने तिथले रहिवासी असतील तर ५०० डॉलरची वेगळी सवलत मिळू शकते.

प्रश्न: मुलीच्या नावाने ठेव करायची आहे, बँक तिचं पॅन मागते. अर्जात वडिलांचं नाव घालायलाच हवं का? त्यांच्याकडून कागद मिळणं शक्य नाही. (तिलक नगर)

उत्तर: नाही. आई एकल पालक असेल तर वडिलांचं नाव सक्तीचं नाही, ही सोय ५ डिसेंबर २०१८ पासून आहे. अर्जात ‘आई एकल पालक आहे का’ या प्रश्नापुढे ‘हो’ अशी खूण करा आणि फक्त आईचं नाव भरा. मुलगी अज्ञान असल्यामुळे प्रतिनिधी म्हणून तुमची माहिती, तुमचं आधार आणि पत्त्याचा पुरावा लागेल. तिच्या कार्डावर फोटो आणि सही नसते. अठरा पूर्ण झाल्यावर ती घालून नवं कार्ड काढायचं. पॅन दिलं नाही तर कापायची वेळ आल्यावर बँक १० ऐवजी २० टक्के टीडीएस कापते. नुसती शाळेची फी दाखवण्यासाठी मात्र मुलीच्या पॅनची गरज नाही.